घरात वेगळे पातेले नको : साध्या, सकस स्वयंपाकाची सुरुवात कुठून करावी?

मागच्या वर्षी बकरी ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील, अब्बांचा रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 8.6 निघाली. बी.पी. आधीपासून होताच. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि कागदावर चार ओळी लिहून दिल्या : गोड बंद, तळलेले बंद, भात कमी, रोज चालणे. तो कागद आम्ही फ्रिजला चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन पातेली चढू लागली. एक घराचे, एक अब्बांचे.

अब्बांच्या पातेल्यात काय असायचे? उकडल्यासारखी अळणी दुधी, पाण्यासारखे वरण आणि दोन कोरड्या चपात्या. आणि त्याच दस्तरखानावर, हातभर अंतरावर, खिमा आणि तळलेले बटाटे. पहिले चार दिवस अब्बा काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढेच म्हणाले, "मैं क्या दवाखाने में बैठा हूँ?" अठराव्या दिवशी मगरिबनंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात खिमा-पाव खाऊन आले आणि घरी सांगितले, आज भूक नाही.

आम्हाला राग आला, खोटे कशाला बोलायचे. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की आम्ही त्यांचे जेवण बदललेच नव्हते. आम्ही त्यांना घराच्या जेवणातून बाहेर काढले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्या हाताने या घरात तीस वर्षे बाजार आला, तो स्वतःच्या दस्तरखानावर पाहुणा झाला होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनीही रक्त तपासून घेतले. आमच्यापैकी एकाची शुगर काठावर निघाली. यात नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे घरात एकाला शुगर निघाली की बाकीचे सुटले असे नसते. तेच तेल, तीच साखर, तोच मैदा सगळ्यांच्या पोटात जात असतो. तेव्हा ठरवले, दुसरे पातेले बंद. बदलायचे ते घराचे पातेले.

अख्खे अन्न म्हणजे काय?

ओट्स, किन्वा, परदेशी बिया असली नावे ऐकून अनेक घरांत लोक आधीच हात टेकतात. आमच्या शेजारच्या खालाजान म्हणाल्या, "हे सगळं आणायचं तर पेन्शन पुरणार नाही." त्यांचे बरोबर आहे. पण अख्खे अन्न म्हणजे महागडे अन्न नव्हे. शेतातून निघाल्यापासून ताटात येईपर्यंत ज्याचे कमीत कमी काढून घेतले गेले, ते अख्खे अन्न.

गव्हाचेच घ्या. गव्हाच्या दाण्याला वरचा कोंडा असतो, आत कोंब असतो आणि उरलेला सगळा पिठूळ भाग. कोंड्यात तंतू असतात, कोंबात चांगले तेल आणि जीवनसत्त्वे. या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या की उरतो तो मैदा. काढतात का? एक तर पीठ पांढरेशुभ्र दिसते, आणि दुसरे म्हणजे कोंबातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होते. ते काढले की महिनोन्महिने टिकते. दुकानदाराची सोय होते. आपल्या पोटात मात्र मैदा भराभर साखर होऊन रक्तात उतरतो, कारण त्याला अडवणारा तंतू उरलेलाच नसतो.

आता आपल्या मोहल्ल्यातली सकाळ आठवा. चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर, नानखटाई. दुपारी पाव. लग्नात नान. शिरमाल. हे सगळे मैद्याचे, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींत वनस्पती तूपही. त्या तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने 2022 च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती हृदयाला घातक असल्यामुळेच. सुट्या मालावर मात्र घटकांची यादी नसते, हे ध्यानात ठेवावे.

पाकिटाच्या मालावर असते. आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही मुलांना घरून बिस्किटांची रिकामी पाकिटे आणायला सांगितली होती. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे, म्हणजे जे पहिले लिहिले ते सगळ्यांत जास्त. पुढच्या बाजूला गव्हाची कणसे आणि 'आरोग्य' असा शब्द; मागे पहिले नाव मैद्याचे, दुसरे किंवा तिसरे साखरेचे. ब्राउन ब्रेडच्या काही पाकिटांवर तर रंगासाठी कॅरॅमल घातल्याचे लिहिलेले सापडले. मुले जाम खूश झाली. चोर पकडल्यासारखी.

आधी पुड्यांवर तारखा लिहा

पाककृतीकडे वळण्याआधी एक काम करा. यात काही शिजवायचे नाही. मिठाचा पुडा, साखरेची पिशवी आणि तेलाचा कॅन ज्या दिवशी फोडाल, त्यावर पेनाने तारीख लिहा. बस्स. महिनाभर काही बदलू नका, फक्त किती दिवसांत संपते ते बघा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. आम्ही घरात पाच माणसे : अब्बा, अम्मी, आम्ही दोघे आणि कॉलेजला जाणारा मुलगा. पाच जणांना दिवसाला 25 ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा कमीत कमी 40 दिवस चालला पाहिजे. आमचा 24 दिवसांत संपला. आणि यात लोणचे, पापड, शेव, बाहेरचे खाणे धरलेलेच नाही.

साखरेचेही तसेच. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे तीच संघटना म्हणते. आपल्याकडे एका कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप चहा म्हटले की मर्यादा चहातच ओलांडली. गूळ आणि मध घातला म्हणून हिशेब बदलत नाही. शरीराला तीही साखरच. तेलाचे आम्ही माणशी दिवसाला चार चहाचे चमचे ठरवले. पाच माणसांना महिन्याला तीन लिटर होते. आधी पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत नव्हता.

एकदम निम्मे करायला जाऊ नका. जीभ लगेच बंड करते. आम्ही चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी केली आणि कुणाला सांगितले नाही. सहाव्या आठवड्यात अम्मींच्या माहेरी चहा घेतला, तर त्याच म्हणाल्या, "किती गोड केलाय!"

पहिले पातेले : मटकीची उसळ

जो आजवर चुलीपुढे उभा राहिलेला नाही त्याने उसळीपासून सुरुवात करावी. बिघडायला जागा कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. आमच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा केलेला पदार्थ हाच.

पाच माणसांना एक मोठी वाटी मटकी पुरते. सकाळी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. रात्री पाणी काढून टाका आणि स्वच्छ पातळ फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुपार उजाडते. फडके कोरडे पडू देऊ नका, पण पाण्यात बुडवूनही ठेवू नका, नाहीतर वास येतो. पातेल्यात तीन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरे, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा लाल होईपर्यंत तेलात पोहत राहिला पाहिजे असे आपल्या हाताला वळण पडलेले आहे. तसे काही नाही. कांदा खाली लागतोय असे वाटले तर तेल न घालता दोन चमचे पाणी शिंपडा, तो शिजतो आणि रंगही धरतो. आता हळद, घरचा काळा मसाला, एक टोमॅटो, मग मटकी. दीड-दोन वाट्या गरम पाणी, वर झाकण, मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटे. दाणा बोटांत दाबला की मोडावा, पण त्याचा लगदा होऊ नये. कुकर नकोच, त्यात मटकी पिठूळ होते. मीठ शेवटी घाला. शेवटी घातलेले मीठ जिभेला लवकर कळते, म्हणून कमी लागते. वर कोथिंबीर आणि लिंबू.

लिंबू चवीपुरतेच नाही. डाळी-कडधान्यांतले आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात मुरायला आंबट फळातले क जीवनसत्त्व मदत करते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा उलट ते अडवतो. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले होते. वर्गात प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसणाऱ्या मुली आम्ही पाहतो. सकाळी काय खाल्लेस विचारले तर उत्तर ठरलेले, चहा-टोस्ट. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवावे, घरातल्या मुलींसाठी तर नक्कीच.

हात बसला की मटकीच्या जागी चवळी, मसूर, हरभरा. हरभरा रात्रभर भिजवावा आणि कुकरला चार-पाच शिट्ट्या देऊन आच मंद करून आणखी दहा मिनिटे ठेवावा. अख्खा मसूर घाईच्या दिवशीचा सोबती, तो तासभर भिजला तरी पुरते. ज्यांना डाळींची सवय नाही त्यांनी आठवड्यातून दोनदा सुरुवात करावी. एकदम रोज खाल्ले तर पोट फुगते आणि मग सगळा दोष मटकीवर येतो. पाणीही वाढवावे लागते.

भाकरी, आणि तिच्याविषयी थोडे खरे

आम्ही सोलापूरचे, त्यामुळे ज्वारीविषयी बोलताना जरा छाती फुगते. आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा ज्वारी-बाजरीचे कौतुक टीव्हीवरही झाले. पण आमच्याच मोहल्ल्यात भाकरी ही गरिबीची खूण समजून मागे पडली आणि मैद्याचा पाव पुढे आला, हेही खरे आहे.

नवशिक्याची भाकरी मोडते ती बहुतेक पाण्यामुळे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ चांगल्या गरम पाण्यात मळावे लागते. एका भाकरीपुरतेच पीठ घ्या, तळहाताच्या टाचेने रगडून मळा, गोळ्याला भेगा पडेनाशा झाल्या की परातीत कोरडे पीठ भुरभुरून थापा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आले की उलटा, आणि खालची बाजू भाजली की थेट आचेवर फुगवा. पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील. खायला काही हरकत नसते. पीठ मात्र ताजे हवे. महिनाभर पडलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि कडू लागते.

आणि हे स्पष्ट सांगतो : भाकरी म्हणजे औषध नव्हे. तीही शेवटी पिष्टच. "भाकरीने शुगर वाढत नाही" असे समजून चार-चार खाणारे आम्ही पाहिले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातले ताट डोळ्यांसमोर ठेवा : निम्मे ताट भाज्या आणि फळांचे, उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळी, अंडी, मांस, दही वगैरे. आपले ताट बहुधा उलटे असते. भात-रोटीचा डोंगर आणि भाजी कडेला लोणच्याएवढी. चपातीचे पीठ गिरणीतून आणल्यावर चाळून कोंडा फेकणे मात्र आजपासून थांबवा. पैसे देऊन आणलेली चांगली गोष्ट आपण कचऱ्यात टाकतो.

गोश्त सोडायचे का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती असते. सोडायची गरज नाही, प्रमाण बदला. आणि त्यासाठी नवीन काही शिकायची गरज नाही, कारण आपल्या दादी-नानींनी ते आधीच करून ठेवले आहे. पालक-गोश्त, मेथी-गोश्त, चुका-गोश्त, मुहर्रमचा खिचडा, ज्यात गहू, डाळी आणि गोश्त एकत्र रटरटते. पूर्वी घरात माणसे जास्त आणि गोश्त थोडे असायचे, म्हणून भाजी घालून वाढवायचे. पैसे आले आणि भाजी पातेल्यातून निघून गेली.

आमच्या घरात जुम्याला आता दालचा होतो. पूर्वी पाच जणांना एक किलो मटण यायचे. आता हाडासकट 400 ग्रॅम, एक वाटी तासभर भिजवलेली हरभरा डाळ आणि पाऊण किलो दुधी. मटण आले-लसूण, हळद घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. डाळ वेगळी शिजवून अर्धवट घोटून घ्यायची. मटणाच्या पाण्यावर जी चरबी तरंगते ती पळीने काढून टाकायची. गार झाल्यावर ती आपोआप वर गोठते, मग काढणे सोपे. डाळ, मटण आणि दुधीच्या मोठ्या फोडी एकत्र करून दहा-बारा मिनिटे, चिंचेचा कोळ, आणि शेवटी तीन चमचे तेलाचा बघार : जिरे, कढीपत्ता, सुक्या मिरच्या. चिंचेमुळे मीठ कमी असलेले कळत नाही. पहिल्यांदा केला तेव्हा मुलाने विचारले, आज गोश्त कमी का? अब्बांनीच उत्तर दिले, "खा के तो देख."

बिर्याणी बंद केलेली नाही. महिन्यातून एकदा होते, सोबत मोठी वाडगाभर काकडी-गाजर-कांद्याची कोशिंबीर असते आणि ती आधी वाढायची असा नियम आहे. नाश्त्याला टोस्टच्या जागी उकडलेले अंडे, मुगाचे धिरडे किंवा रात्रीची भाकरी दह्याबरोबर. रसाऐवजी अख्खे फळ. खजूर पौष्टिक खरा, पण त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. रमजानमध्ये इफ्तारला अब्बा एक खजूर आणि पाणी घेतात, मग फळे, आणि भजी आठवड्यातून एकदा.

दोन सूचना, दुर्लक्ष करू नका

जे शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावे. भात-रोटी अचानक कमी केली आणि औषध तेवढेच राहिले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, गरगरणे असे झाले तर ताबडतोब साखर द्यावी आणि डॉक्टरांना गाठावे. जेवण सुधारले म्हणून मनानेच गोळ्या बंद करणे त्याहून वाईट. किडनीचा त्रास असलेल्यांना डाळी आणि काही भाज्याही मोजून खाव्या लागतात, त्यांनी हा लेख वाचून परस्पर काही सुरू करू नये.

दुसरी गोष्ट पुरुष मंडळींसाठी. जेवण बदलायचे ठरवणारे सगळे, आणि भिजवणे, निवडणे, थापणे एकट्या बाईच्या गळ्यात, असे केले तर दोन महिन्यांत खारी-टोस्ट परत येतो. आमच्याकडे कडधान्य निवडणे आणि भिजवणे अब्बांकडे आहे, भाजी आणून धुऊन चिरणे मुलाकडे. सुरुवातीला अम्मींना ते अवघड वाटले; अब्बांना मटकी निवडताना पाहून त्या दोनदा उठून त्यांच्या हातातली सुपली घ्यायला गेल्या.

सहा महिन्यांनी अब्बांची एचबीएवनसी 7.3 आली. गोळ्या चालू आहेत, रोज संध्याकाळी चालणेही आहे, त्यामुळे कशाचा किती वाटा हे आम्ही सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते अजून कधी कधी जातात, पण आता सांगून जातात. मिठाच्या पुड्यावर तारीख तेच लिहितात, उर्दूत. या वेळचा पुडा 37 दिवस चालला. तीन दिवस कमी का पडले याचा तपास चालू आहे, आणि त्यांचा संशय आमच्या मुलाच्या कैरीवर आहे.